तिसऱ्या पिनला हात लावू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या तांत्रिक अडचणींना उत्तरं देणारा एक कोपरा असतो. मागच्या वेळी तिथे एका गाणाऱ्या मुलाचा प्रश्न होता: घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करतो, चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज येतो, काय करू? उत्तर तीन ओळींचं होतं. चार्जरच्या टॉपची, म्हणजे प्लगची, तिसरी पिन काढून टाका किंवा सरळ दोन पिनचा टॉप बसवा, आवाज बंद होईल.

आवाज बंद होईल, हे खरं आहे. म्हणून तर हे पत्र. उपाय फसवा असता तर लोकांनी करून पाहिला असता आणि सोडून दिला असता. हा चालतो, फुकट आहे, एक पक्कड पुरते. पण ज्या नागपुरात मार्च उजाडला की खिडक्याखिडक्यांत पत्र्याचे कूलर बसतात आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याच दैनिकात येतात, तिथे तिसरी पिन म्हणजे काढून टाकायची वस्तू असं छापणं मला पटलं नाही. त्या मुलाची अडचण खरी आहे आणि तिला सुरक्षित उत्तर आहे. ते जरा लांब आहे, तेवढी जागा द्यावी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे, प्रतापनगरात राहते. मागच्या खोलीत एक जुना लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला आणि लॅपटॉपचा स्पीकरला पोचवणारी डबी), एक कंडेन्सर माइक आणि टेबलावर दोन पॉवर्ड स्पीकर असा माझा संसार आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, आणि आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर पलटे गाऊन पाठवते. त्या मुलाचा घूंऽऽ माझ्याही खोलीत होता, त्यामुळे तो मला जवळून माहीत आहे.

मुळात हा एकच आवाज नाही, दोन आहेत, आणि त्यांची घरं वेगळी आहेत. पहिला जाड, खर्जातला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० ची आणि तिच्या पटींची असते: १००, १५०, २००. छोट्या स्पीकरला ५० नीट वाजवताच येत नाही, म्हणून कानाला लागते ती १०० आणि तिच्या वरची. दुसरा आवाज बारीक, किणकिणता, डासासारखा. माऊस हलवला किंवा पान वरखाली केलं की तो बदलतो. हा लॅपटॉपच्या पोटातला. प्रोसेसरवरचा भार बदलला की विजेची ओढ बदलते, आणि यूएसबीची देवाणघेवाणही ठरावीक तालावर चालते, सेकंदाला १००० किंवा ८००० वेळा. हे दोन्ही आकडे माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतात.

वाचनाच्या मुद्रणात घरघर फक्त त्रासदायक असते. गाण्यात ती बेसूर असते. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाते. काळी चारचा मंद्र षड्ज साधारण १०४ हर्ट्झवर आहे. म्हणजे १०० ची घरघर षड्जाच्या खाली, पण शुद्ध निषादाच्या वर, दोघांच्या मध्ये अडकते. २०० ची मध्य षड्जाखाली तशीच. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम ९८ वर येतो, घरघर त्याच्या किंचित वर चढलेली. कुणाच्याच सुरात ती बसत नाही. आमच्या मंडळातल्या एकीने ऐकल्या ऐकल्या सुचवलं होतं, "ताई, मग पेटीच त्याच्यात लावून घ्या ना, झालं!" पण तेही जमणारं नाही. देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते, नेमकी ५० वर ती खिळलेली नसते. भारनियंत्रण केंद्राशी सूर जुळवून भजन म्हणणं म्हणजे अवघडच.

सॉफ्टवेअरने नंतर साफ करू, असं पुष्कळजण म्हणतात. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात नॉइज रिडक्शन आहे. त्याची पद्धत अशी: गप्प असतानाचा तुकडा त्याला दाखवायचा, मग तसा सलग आवाज तो सगळीकडून कमी करतो. वाचनाला हे थोडं चालतं; जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. तानपुऱ्याला मात्र अजिबात चालत नाही. तानपुरा हाही सलग आवाजच. सॉफ्टवेअरला घरघर कोणती आणि जवारी कोणती हे कळायला मार्ग नाही. ते दोन्ही खरवडतं.

आता तो आवाज येतो कुठून, ते शोधायला पिन कापावी लागत नाही. चार्जर भिंतीतून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर वाट चार्जरची किंवा अर्थिंगची, म्हणजे तिसऱ्या पिनमधून जमिनीत जाणाऱ्या तारेची. तोच राहिला तर वाट दुसरी, चार्जरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पिन कापून जे कळतं तेच इथे कळतं, आणि कुणाच्या जिवाला धोका नाही. आणखी एक गोष्ट बघायची, जी बहुतेक लोक बघत नाहीत: इंटरफेसला सरळ हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये शांतता आणि स्पीकरमध्ये घरघर असेल तर मुद्रण स्वच्छ आहे, फक्त ऐकण्याची बाजू गढूळ आहे. त्या मुलाचं असंच असेल तर त्याची निम्मी काळजी इथेच संपते.

बॅटरीवर आवाज जातो, याचं कारण लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आहे. तो जुन्या जड ट्रान्सफॉर्मरसारखा नाही. तो २३० व्होल्टची वीज आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. या चालू-बंदचा कचरा अडवायला आत काही कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या बाजूला गळतो. ज्यांचा चार्जर दोन पिनचा आहे आणि लॅपटॉप धातूचा, त्यांना मनगट टेकल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्यामुळे. टेस्टर लावला तर दिवाही मिणमिणतो. तीन पिनच्या चार्जरमध्ये हा गळका प्रवाह अर्थला जातो आणि लॅपटॉपला हात लावला तरी काही जाणवत नाही. पण बऱ्याच तीन पिनच्या चार्जरमध्ये लॅपटॉपच्या डीसीची ऋण बाजू अर्थला जोडलेली असते, आणि घरघरीची गोष्ट इथून सुरू होते.

लॅपटॉप अर्थला जोडला. लॅपटॉपला यूएसबीने इंटरफेस, इंटरफेसला तारेने स्पीकर. स्पीकरलाही तीन पिन आहेत, तेही अर्थला. म्हणजे अर्थपर्यंत जायला दोन रस्ते झाले आणि ते दोन रस्ते ऑडिओच्या तारेने एकमेकांना जोडले गेले. भिंतीतले दोन सॉकेट वेगळ्या ठिकाणी असतील तर त्यांच्या अर्थमध्ये थोडा फार फरक असतोच. तो फरक ऑडिओच्या तारेवरच्या धातूच्या जाळीतून प्रवाह ढकलतो, आणि इनपुट त्या प्रवाहाला गाणं समजतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. माझ्याकडे तिसराही रस्ता होता: इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्या ॲडाप्टरवर, आणि त्याची साधी मोनो तार इंटरफेसमध्ये.

लूप तुटला की आवाज जातो. प्रश्न एवढाच, की तोडायचा कुठे. आपल्या उत्तरदात्यांनी तो भिंतीत तोडला. तो तोडायचा सिग्नलच्या तारेत.

भिंतीत तोडल्यावर काय होतं ते सांगते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दोन पिनचा चार्जर मुळातच दुहेरी इन्सुलेशनचा बनवलेला असतो, त्याला अर्थ नसला तरी चालतो. पण तीन पिनच्या चार्जरची एक पिन कापली म्हणजे तो दोन पिनचा चार्जर होत नाही. बनवणाऱ्याने त्याच्या सुरक्षेत अर्थ धरलेला असतो. पिन गेली की त्यातल्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं अंग जवळजवळ अर्ध्या व्होल्टेजवर, शंभरेक व्होल्टवर, तरंगतं. साधारणपणे यात प्रवाह इतका कमी असतो की झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. आतलं इन्सुलेशन बिघडलं तर मात्र हेच अंग २३० वर जातं, आणि ते यूएसबीच्या तारेतून इंटरफेसला, तिथून माइकच्या धातूच्या जाळीला पोचतं. गाणारा ओठ जाळीला लावून गातो. मे महिन्यात, घामाघूम, पंखा बंद करून, फरशीवर अनवाणी. आणि स्पीकरची पिन शाबूत असेल तर बिघाडाचा सगळा प्रवाह त्या केसाएवढ्या ऑडिओ तारेच्या जाळीतून अर्थला जाऊ बघेल. ती तार त्यासाठी नाही.

आपल्याकडच्या टॉपवर तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे मी वर्गात दरवर्षी विचारायची. लांब, म्हणजे आत जाताना ती आधी लागते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. जाड, म्हणजे ती फेजच्या भोकात शिरूच नये. चांगल्या सॉकेटमध्ये बाकीच्या दोन भोकांवर झडप असते आणि ती ही लांब पिन उघडते. दोन पिनचा टॉप अशा सॉकेटमध्ये जात नाही म्हणून पेनाचं टोक वरच्या भोकात खुपसून झडप उघडणारे महाभाग प्रत्येक घरात आहेत. माझ्या घरीही होते, त्यांना मी वर्गातल्यासारखंच उभं केलं.

आता करायचं काय, ते. पहिलं काम फुकटचं: लॅपटॉप, स्पीकर, तानपुऱ्याचा ॲडाप्टर, सगळं एकाच भिंतीतल्या एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या, अर्थ असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. हे सगळं मिळून भार फार नसतो. ६५ वॅटचा चार्जर आणि दोन छोटे स्पीकर याला ६ अँपिअरचा सॉकेट पुरून उरतो. (त्याच बोर्डवर इस्त्री लावू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगते.) अर्थ एकाच जागी भेटला की दोन टोकांमधला फरक जवळजवळ उरत नाही. पुष्कळांचं काम इथेच होतं.

दुसरं, इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामधली तार. बहुतेक इंटरफेसना आणि बऱ्याच स्टुडिओ स्पीकरना बॅलन्स्ड जोडणी असते. त्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो; वाटेत जी घाण शिरते ती दोन्हींत सारखी शिरते; पलीकडचं इनपुट दोघांतला फरक तेवढा घेतं आणि सारखी असलेली घाण वजा होते. पण तार मोनो असेल तर हे सगळं वाया. सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत कुठेही "पी-३८ ची तार द्या" (पाव इंची ऑडिओ पिनची तार) म्हटलं की मोनोच हातात पडते, कारण जास्त मागणी तिलाच. पिनवर काळ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे मोनो. दोन रेघा हव्यात, दुकानात तिला स्टीरिओ पिन म्हणतात, आणि दोन्ही टोकांना तीच हवी. स्पीकरच्या मागे एक्सएलआर (माइकला असते तशी तीन टोकांची गोल जोडणी) असेल तर त्या बाजूला एक्सएलआर. मी तेवढी तार बदलली आणि स्पीकरमधली किणकिण गेली, जी लॅपटॉपमधून निघते म्हणून तिला इलाज नाही असं मी समजून बसले होते.

स्पीकरला फक्त आरसीए (टीव्हीच्या मागे असतात तशी लाल-पांढरी भोकं) असेल तर बॅलन्स्डचा प्रश्नच येत नाही. तिथे मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. गाडीच्या स्टीरिओवाल्यांकडे ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून मिळतो. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तारेने तार जोडलेली राहत नाही. फार स्वस्तातला घेतला तर खर्ज पातळ होतो. डग्ग्याचा आवाज त्यातून ऐकून मगच पैसे द्या.

तानपुऱ्यासाठी मी डीआय बॉक्स घेतला. हाही आत ट्रान्सफॉर्मर असलेलाच, एका बाजूने मोनो पिन आत, दुसऱ्या बाजूने एक्सएलआर बाहेर. त्याच्या अंगावर ग्राउंड लिफ्ट असं लिहिलेलं एक बटण असतं. माझी शंका अशी, की आपल्या उत्तरदात्यांनी कुणाकडून तरी "ग्राउंड लिफ्ट करा" एवढंच ऐकलं असावं. बटण दाबल्यावर सुटते ती सिग्नलच्या तारेची जाळी. भिंतीतल्या अर्थला ते बटण स्पर्शही करत नाही. कार्यक्रमात साउंडवाले ते बेधडक दाबतात ते यामुळेच. तानपुरा सेलवर चालणारा असेल तर डीआय बॉक्सही नको, मुद्रणापुरते सेल घाला.

यूएसबीचा आयसोलेटर नावाची डबीही मिळते, लॅपटॉप आणि इंटरफेसच्या मध्ये लावायची. तिच्याबद्दल जरा जपून. स्वस्त डब्यांमधली चिप सेकंदाला १२ मेगाबिटच्याच वेगाची असते. हिशेबाने दोन चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका दिशेने साधारण २.३ मेगाबिट लागतात, म्हणजे वरवर पाहता पुरावेत. पण बरेच इंटरफेस ४८० मेगाबिटच्या वेगाशिवाय चालूच होत नाहीत, आणि डबी लावल्यावर लॅपटॉपला ते दिसतच नाहीत. दुसरी अडचण विजेची. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, त्यातूनच इंटरफेसला कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट तयार करावे लागतात; डबी मध्ये आली की तेवढी वीज पलीकडे पोचेलच असं नाही. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. फेराइटचे जे काळे मणी तारेवर लावतात ते वरच्या फ्रिक्वेन्सीच्या कचऱ्याला कामाचे. ५० च्या घरघरीला त्यांचं काहीच वाटत नाही.

आणि या सगळ्यात साधं: मुद्रण चालू आहे तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. एक धडा वाचून होईपर्यंत जुनी बॅटरीसुद्धा टिकते. मी वाचनाची सगळी कामं अशीच करते. शाळेची मुलं घरी येतात तेव्हा चार्जिंग.

पंख्याच्या रेग्युलेटरचं थोडक्यात. गोल फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करणारा जो असतो, तो विजेची लाट मध्येच कापतो आणि त्याची चर्रर्र माइकच्या तारेत शिरते. ठरावीक पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर शांत असतो. स्वस्त एलईडी दिव्यांचंही तसंच, एकेक बंद करून बघावं. वीज गेल्यावर साध्या, चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये. शुद्ध साइन वेव्हचा वेगळा. कूलरचा प्रश्न इथे येत नाही, कारण कूलर चालू ठेवून माइक उघडणं शक्यच नाही. नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमचं मुद्रण पहाटे साडेचारला असतं.

हे सगळं केल्यावरही माझ्या खोलीत थोडी घरघर उरली होती, आणि ती संध्याकाळी वाढायची. इथून पुढचा भाग रेकॉर्डिंग न करणाऱ्यांनीही वाचावा.

मी मल्टिमीटर घेऊन सॉकेट तपासला. (ज्यांना सवय नाही त्यांनी परवानाधारक वायरमनकडूनच हे करून घ्यावं.) फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, ठीक. फेज ते अर्थही तेवढंच, ठीक. न्यूट्रल ते अर्थ मात्र शून्य. घरात इस्त्री चालू केली तरी शून्य. हे ठीक नाही. न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो, तारेला थोडा रोध असतो, त्यामुळे भार टाकला की न्यूट्रल आणि खऱ्या अर्थमध्ये व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक दिसायलाच हवा. बोर्ड उघडला. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर तार टाकलेली होती. खोलीपर्यंत अर्थची तार आणलेलीच नव्हती. न्यूट्रललाच अर्थ म्हणून नाव दिलं होतं. ज्याने हे केलं त्याचं नाव मला माहीत नाही आणि त्याने काही फरक पडत नाही, कारण नंतर आलेल्या वायरमनने शांतपणे सांगितलं, "मॅडम, अर्ध्या जुन्या घरांत असंच करून ठेवलं आहे. टेस्टर लावून पाहते माणूस, थ्री पिनचा बल्ब लागते, म्हणते झाली अर्थिंग."

घरघरीचं कारण आता सरळ आहे. १००० वॅटची इस्त्री चार अँपिअरच्या वर प्रवाह ओढते. तो न्यूट्रलमधून परत जाताना जो व्होल्टेजचा फरक पडतो, तो माझ्या खोलीच्या तथाकथित अर्थवर बसलेला होता. संध्याकाळी घरात भार वाढला की तो वाढायचा. पण घरघर ही यातली किरकोळ बाब. या खोलीत धातूचा कूलर लावला असता, आणि कधी न्यूट्रलची तार मीटरपाशी सैल झाली असती, तर कूलरच्या आतल्या मोटरमधून फेज न्यूट्रलवर येऊन, त्या बोटभर तारेतून कूलरच्या पत्र्यावर चढला असता. कूलर बंद पडला, असं म्हणून माणूस सगळ्यात आधी हात लावतो तो त्या पत्र्यालाच. पायाखाली सांडलेलं पाणी.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा स्विच) असला तरी अशी जोडणी लपून राहू शकते; पण तिचा कुठे खऱ्या अर्थशी संबंध आला की तो सारखा पडत राहतो. मग "हा त्रास देतो" म्हणून तोच काढून टाकला जातो. आमच्या इमारतीत दोन घरांत तो डबीत आहे, तारा बाजूने काढलेल्या.

मागच्या खोलीपर्यंत मी खरी अर्थची तार ओढून घेतली, ती बोटभर तार काढली. पण ती ज्या खड्ड्यापर्यंत जाते त्याची दशा काय? आपल्याकडे जुन्या इमारतींचा अर्थ म्हणजे मीठ-कोळशाचा खड्डा. माती ओली असली तर तो काम करतो. वाळली की रोध वाढतो. काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, त्याच वेळी कूलर सगळ्यात जास्त चालतात, आणि तेव्हाच खड्डा सगळ्यात निकामी असतो. त्यात पाणी ओतायला एक नळी ठेवलेली असते. आमच्याकडे पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ती नळी खाली गाडली गेली. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला तेव्हा लोकांना आधी वाटलं, मला माझ्या रेकॉर्डिंगसाठी ब्लॉक उखडून हवेत. मी म्हटलं, तसं समजा. ब्लॉक उखडले, नळी सापडली, अर्थ टेस्टरने मोजून घेतलं, मीठ-कोळसा नव्याने भरला. आता वॉचमन आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओततो. खोलीत घरघर नाही. तानपुरा चार्जरवर, लॅपटॉप चार्जरवर, आणि काळी चारचा षड्ज आपल्या जागी.

त्या मुलाने आधी बॅटरीवर ऐकावं, मग हेडफोनवर, मग सगळं एका बोर्डवर घ्यावं आणि तारेच्या रेघा मोजाव्यात. एवढ्यात जमलं तर त्याचा खर्च एका तारेचा. पिन कापून टाकली असेल तर नवा तीन पिनचा टॉप बसवून घ्यावा. चार्जरची तार साच्यातली असेल तर पूर्ण तार बदलावी. लॅपटॉपच्या चार्जरला लागणारी तीन भोकांची तार सुटी मिळते.

आपल्याकडून माझी मागणी एकच आहे. येत्या रविवारी त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच ठळक अक्षरांत, तो सल्ला मागे घेतल्याचं छापावं. माझं पत्र लांब आहे, कापावं लागलं तर गाण्याचा भाग कापा. अर्थिंगचा कापू नका. आणि हे कूलरच्या ताट्या बदलायच्या आत छापून यावं, पावसाळ्यात नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)